टेकाडावरची नाव

आमच्या घरमालकांनी मला खोली दाखवायच्या आधी पळायची वाट दाखवली.

मी नुकतीच ट्रेनिंग संपवून वर्ध्याहून त्या गावात मुलींच्या शाळेवर रुजू झाले होते. नाचणगावाहून बैलगाडीने जायचं, वर्धा नदीच्या काठावरचं गाव. ट्रंक गाडीतच होती, घशाला कोरड पडली होती, आणि हे गृहस्थ धोतराचा सोगा खोचून माझ्यापुढे चालू लागले. परसातून, गोठ्याच्या मागून, दोन बाभळींमधून वर चढत आम्ही एका टेकाडावर आलो. तिथे मातामायचं लहानसं देऊळ होतं आणि देवळाशेजारी, नदीपासून चांगली हाकेच्या पलीकडे, एक नाव ठेवलेली होती. खरीखुरी, पंधरा-वीस माणसं मावतील अशी सागवानी नाव. तिचं तोंड नदीकडे होतं.

"आधी मला खोली दाखवता का?" मी म्हटलं.

"खोली कुठी पळून जाते, बाई? तुमाले पळायचं काम पडलं तं कुठी पळसान, थे आधी पाहून घ्या. जमीन हालली, नाई तं पाणी चढलं, का अथी यायचं. ट्रंक घ्यायले वापस फिरायचं नाई."

मी गाडीवानाकडे पाहिलं. तो तंबाखू मळत हसत होता. या गावात मी महिनाभरही टिकणार नाही, असं मला तेव्हा वाटलं. मी चार वर्षं राहिले, आणि ती चारही वर्षं त्यांच्याच घरात.

गावात त्यांना 'जहाजवाले' म्हणत. तोंडावर 'मालक'. मॅट्रिक होताच घरातून निघून ते थेट कराचीला गेले होते आणि तिथूनही पुढे, मकरानच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा बंदरात कस्टमच्या नाक्यावर कारकून झाले होते. उभी उमर तिकडे घालवून फाळणीच्या जरा आधी परत आले. येताना समुद्र काही बरोबर आणता येत नाही, म्हणून समुद्राचे नियम घेऊन आले. तिकडची जमीन वरचेवर हलते. तिथे नाव बाळगायची तर काय काय सांभाळावं लागतं ते सगळं त्यांना पाठ होतं, आणि वर्धा जिल्ह्यातल्या काळ्या कापसाच्या जमिनीत ते त्यातला एकही नियम सोडायला तयार नव्हते.

नाव काठावर ठेवायची नाही, उंचावर ठेवायची. तोंड पाण्याकडे. वल्ही नावेतच, बांधून. नावेत पाण्याचं मडकं आणि फुटाण्यांचा डबा. कुलूप लावायचं नाही. गाठ अशी मारायची की एका हिसक्यात सुटली पाहिजे. आणि सगळ्यांत मोठा नियम, जो ते दिवसातून दहादा कुणाला तरी ऐकवत: "दोर लांब ठेवा."

हा दोर नुसता नावेपुरता असता तर ठीक होतं. त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूचा दोर लांब होता. विहिरीच्या बादलीचा दोर इतका लांब की पाणी वर यायच्या आधी अर्धा दोर पायात गुंतायचा. गाईचं दावं इतकं लांब की ती गोठ्यात बांधलेली असून शेजारणीच्या वाडीतली मेथी खाऊन यायची. शेजारीण कुंपणापाशी उभी राहून त्यांचा उद्धार करायची, आणि हे शांतपणे सांगायचे, "वहिनी, आखूड बांधली अन् गोठा पडला तं गाय मरन ना. मेथी काय, पुन्हा उगवते." तिच्या शिव्यांमध्ये गाय, मालक आणि समुद्र असे तिघंही येत.

संध्याकाळी ते ओसरीवर बसून अंबाडीचा दोर वळत. मांडीवर घासून घासून. जुना दोर अजून चांगला असतानाच नवा वळायला घेत आणि जुन्याला जोडून टाकत. देवळाशेजारी एक सागाचा खुंट रोवलेला होता, त्याला हा दोर बांधलेला असे आणि त्याची वेटोळी नावेत रचून ठेवलेली; नावेला जागेवर रोखणारी, हिसक्यात सुटणारी गाठ वेगळी. खुंटाला एक विळाही टांगलेला होता. दर शनिवारी मारुतीला तेल घालून आले की ते त्या विळ्याला धार लावत.

"एवढा लांब दोर वळायचा आणि वर तोडायला विळा?" मी एकदा विचारलं. मला तेव्हा प्रत्येक गोष्टीत तर्क लागायचा.

"जो दोर बांधते त्याच्याजवळ तोडाले बी काही पायजे," ते म्हणाले आणि अंगठ्याने धार पाहत राहिले.

ओसरीवरच्या कपाटावर एका पितळी गडव्यावर दुसरा गडवा उपडा ठेवलेला असायचा. जमीन हलली की वरचा पडेल, आवाज होईल आणि आपण जागे होऊ, ही योजना. तो गडवा जमिनीने कधीच पाडला नाही. तो शेजारणीच्या मांजरीने पाडला, वाऱ्याने पाडला, एकदा मीच केरसुणीने पाडला. प्रत्येक वेळी घरातल्या सगळ्यांनी, म्हणजे ते, त्यांच्या पत्नी, मी आणि दुसऱ्या खोलीतले पोस्टमास्तर, असेल त्या अवस्थेत परसातून टेकाडाकडे निघायचं. पोस्टमास्तर एकदा अर्धी दाढी केलेले आले. माई, म्हणजे मालकांच्या पत्नी, मात्र हातातली पोळी तव्यावरून उतरवूनच निघत. "मले तं भूकंपापेक्षा जळक्या पोळीचंच भेव आहे," त्या म्हणायच्या. मालकांनी त्यांना या एका बाबतीत कधी काही म्हटलं नाही.

माझ्या भाडेकरारात एक कलम असं होतं, जे पंचक्रोशीत कुठल्याही मास्तरणीच्या नशिबी आलं नसेल. लाकडी नाव कोरड्या जागी राहिली की उन्हाने फळ्या आकसतात, फटी पडतात. म्हणून तिला आतून पाणी पाजावं लागतं. दर रविवारी प्रत्येक भाडेकरूने एक घागर टेकाडावर नेऊन नावेत ओतायची. मी ओतली. तीन वर्षं ओतली. लोक नावेतलं पाणी उपसतात, आम्ही भरत होतो. उन्हाळ्याच्या तोंडी ते तिला जवसाचं तेल पाजत, डांबराने सांधे भरत आणि अक्षय तृतीयेला, त्या गावात त्या सणाला अखाजी म्हणतात, नावेची रंगीत तालीम करत.

अखाजीला माणसं घरी असतात, म्हणून तो दिवस. सकाळी ते टेकाडावर उभे राहून काशाची थाळी बडवायचे. थाळी ऐकताच गावाने काम टाकून वर यायचं, हात हलवत, काही न उचलता. जो येईल त्याला गूळ-फुटाणे. जो वाटेतून काही घ्यायला मागे फिरेल त्याला काहीच नाही. पोरं सगळ्यात आधी येत. बायका पोरांच्या मागे. पुरुष मंडळी सावकाश, चेष्टा करत, पण येत, कारण फुटाणे चांगले असत. मग मालक गाठ सुटते का ते एका हिसक्याने पाहत, आणि नाव लाकडी ओंडक्यांवरून उतारावरून घरंगळत पाण्यात जाई. जरा तरंगली की पुन्हा वर ओढून ठेवायची. वर्षातून तेवढाच तिचा आणि पाण्याचा संबंध.

या गोष्टीचा सगळ्यांत जास्त संताप यायचा महादेव नावाड्याला. गावाचा उतारा त्याच्याकडे होता. नदीपलीकडे बाजाराला जाणारी माणसं, शेळ्या, भाजीच्या टोपल्या तो आपल्या डोंग्यातून नेई. त्याची वस्ती अगदी नदीला लागून, सखल जागेवर. मालकांची नाव महादेवच्या बापाने बांधली होती, त्याचं शेवटचं काम. ती टेकाडावर उभी पाहिली की महादेवच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"माह्या बापानं पाण्यासाठी नाव बनवली, मालक. तुम्ही तिले वाळू घालून राह्यले. लोकं हासते ना आमच्या खानदानीले!"

"हासू दे. तुह्या डोंग्याले तू साखळी लावतं, कुलूप लावतं. पाणी चढलं तं कुलूप कोण खोलन?"

"अन् कुलूप नाई लावलं तं चोर नेईन ना!"

"चोर नेईन तं चोर तरंगन. तुह्या कुलपानं डोंगा बुडन."

"मालक, अथी समुद्र नाई. ही वर्धामाय आहे. तिले आमी ओळखतो, थे आमाले ओळखते."

"समुद्रबी त्यायले ओळखे," मालक म्हणाले आणि नावेतल्या दोराची वेटोळी सारखी करू लागले. महादेव पुटपुटत उतारावरून खाली गेला. त्यायले म्हणजे कुणाला, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

ते कळलं तिसऱ्या उन्हाळ्यात. मी रविवारची घागर ओतत होते आणि कंटाळून म्हणाले, की एवढी काळजी घेता तर एकदा नावेत बसून फिरून तरी या. त्यांनी माझ्या हातातली घागर घेतली, खाली ठेवली आणि खुंटाला टेकून बसले.

तिकडे त्यांची अर्धी नाव होती. अर्धी त्यांची, अर्धी कासम नावाच्या मच्छीमाराची. कासम समुद्रात जायचा, हे नाक्यावर बसायचे, आणि संध्याकाळी दोघं मिळून जाळी सुकवायचे. एका पहाटे जमीन जोरात हलली. सगळं गाव तिकडच्या रीतीप्रमाणे मागच्या डोंगरावर चढलं. हे दोघंही चढले. उजाडलं तेव्हा समुद्र मागे सरकलेला दिसला. जिथे पाणी असायचं तिथे चिखल, आणि चिखलात त्यांची नाव एका कुशीवर पडलेली, खुंटाला आखूड बांधलेली.

"म्या म्हटलं, कासम, जाय, नाव सोडव. पाणी परत आलं तं दोर तिले वर उठू द्यायचा नाई. म्याच म्हटलं, बाई. माह्याच तोंडानं. त्याले समुद्र समजे, मले नाई. त्यानं माह्याकडे पाह्यलं. अर्धी नाव माही होती ना, म्हून गेला."

गाठ ओली होती, आवळली होती. कासमजवळ सुरी नव्हती. तो खाली बसून नखांनी गाठ उकलत होता, आणि वरून सगळं गाव ओरडत होतं. पाणी आलं तेव्हाही तो गाठच सोडवत होता.

लांब दोर, एका हिसक्यात सुटणारी गाठ, धार लावलेला विळा, मागे फिरणाऱ्याला फुटाणे नाहीत. ज्याला आम्ही तीन वर्षं खुळेपणा म्हणत होतो, तो सगळा एका सकाळीतून आला होता. मग मी तरीही विचारलं, की मग पुन्हा नाव ठेवलीच कशाला.

"पाण्याजवळ राह्याचं अन् नाव नाई ठेवायची, असं कसं जमन?" ते उठले, घागर उचलली आणि उरलेलं पाणी त्यांनी स्वतः नावेत ओतलं.

त्याच वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पाणी आलं.

आमच्याकडे पाऊस फारसा नव्हताच. वरच्या अंगाला कोसळला असावा. पोरं नटवलेले लाकडी बैल घेऊन घरोघर हिंडत होती, दुपारची जेवणं व्हायची होती. नदीने काठ सोडला आणि बघता बघता नाल्यातून आत शिरून तिने महादेवच्या वस्तीला मागच्या बाजूने वेढा घातला. वस्ती पाण्याच्या मधोमध राहिली. महादेव तेव्हा आमच्या बाजूला, बैल पाहायला आलेला होता. त्याची म्हातारी आई, बायको, भावजया, वस्तीतली सगळी बायकामाणसं पलीकडे. तो घाटाकडे धावला. डोंगा घाटावर होता, साखळीने बांधलेला, आणि वर पाणी होतं. कुलूप कुठे तरी खाली. डोंग्याचं नुसतं टोक दिसत होतं, साखळीने खाली खेचून धरलेलं, आणि मग तेही दिसेनासं झालं.

तेवढ्यात टेकाडावरून थाळी वाजली.

मी आजवर पुष्कळ समारंभ पाहिले, पण त्या थाळीच्या आवाजाने गाव जसं हललं तसं काही पाहिलं नाही. कुणी विचारलं नाही, कुणी हसलं नाही. पोरं लाकडी बैल जागच्या जागी टाकून टेकाडावर धावली, बायका धावल्या, पोस्टमास्तर धावले. माईंनी त्या दिवशी पोळी तव्यावरच टाकली. पाणी टेकाडाच्या उताराला लागलेलं होतं, म्हणजे नावेला ओंडक्यांवरून जेमतेम घसरायचं होतं. मालकांनी एक हिसका दिला. गाठ सुटली. महादेव धावत येऊन नावेत चढला आणि त्याने वल्ही हातात घेतली, बापाने घडवलेल्या नावेत, पहिल्यांदा.

वस्ती टेकाडापासून प्रवाहाच्या खालच्या अंगाला होती. खुंटाला बांधलेल्या दोरावर नाव प्रवाहात सैल सोडायची, महादेवने ती वल्ह्यांनी वस्तीकडे वळवायची, माणसं भरली की वरच्यांनी ओढायची. दोर सुटत गेला, सुटत गेला आणि पुरला. तो दोर आखूड असता तर काय झालं असतं ते मला आजही बोलवत नाही. गावातले गडी दोर ओढत होते, शेजारणीचा नवरा सगळ्यांत पुढे, तोच ज्याच्या मेथीवर आमची गाय पोसली होती. पाच-सहा खेपा झाल्या असतील. शेवटच्या खेपेला महादेवची म्हातारी आई आणि तिची शेळी. शेळीला नावेत घ्यायचं नाही हा नियम होता, पण म्हातारीने शेळीला मिठी मारलेली होती, आणि मालक एवढंच म्हणाले, "येऊ द्या तिलेबी."

माणसं उतरली. महादेव सगळ्यांत शेवटी कमरेइतक्या पाण्यातून वर आला. तेवढ्यात वरून एक मोठं झाड वाहत आलं, नावेला अडकलं आणि तिला फिरवून काठापासून दूर घेऊन गेलं. दोर ताणला. नाव आडवी झाली, एका कुशीवर. खुंट करकरायला लागला.

"नाव गेली! मालक, नाव!" सगळे ओरडले. महादेव वळला. त्याच्या तोंडावर मला जे दिसलं ते उपकाराचं ओझं होतं. ज्या नावेने त्याचं सगळं घर आणलं, ती तो डोळ्यांदेखत जाऊ देणार नव्हता. "मी सोडवतो, मालक! झाड काढून देतो!" आणि तो दोराला धरून पुन्हा पाण्यात उतरला. त्याच्या मागे आणखी दोघं-तिघं निघाले.

मालकांनी खुंटावरचा विळा काढला.

मी त्यांच्या अगदी जवळ होते. ते थबकले नाहीत. नावेकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, ते महादेवकडे पाहत होते. एका घावात दोर तुटला. झाड आणि नाव दोन्ही एकदम फिरली आणि प्रवाहाने तिला उचलून नेलं. महादेवच्या हातातून दोर सरकन निसटून गेला. तो पाण्यात उभा राहून ओरडला, "मालक, काऊन तोडला? मी आणली असती ना!"

"वर ये," मालक म्हणाले. "आधी वर ये तू."

तो वर आला. तेव्हा मालकांनी त्याचे दोन्ही दंड धरले, आणि तसेच धरून उभे राहिले. महादेवला काही कळत नव्हतं. मला कळत होतं, आणि मला त्या माणसाचा जो अभिमान वाटला तो सांगायला मला आजही लाज वाटत नाही. वस्तीतली सगळी माणसं वाचली म्हणून लोकांनी पुढे त्यांचं खूप कौतुक केलं, हार घातले, आणि ते योग्यच होतं. माझ्या लेखी त्यांचं मोठेपण त्या विळ्याच्या एका घावात होतं.

कासमची गोष्ट महादेवला मीच सांगितली, पूर ओसरल्यावर, पुष्कळ दिवसांनी. तो ऐकून उठून गेला.

नाव कुठेच सापडली नाही. टेकाड भुंडं दिसायला लागलं. रविवारी मी सवयीने घागर भरायची आणि मग तुळशीला ओतायची. मालक ओसरीवर बसत, पण दोर वळत नसत. अंबाडी कोपऱ्यात तशीच पडून होती. एका सकाळी मांजरीने गडवा पाडला तर तेही उठले नाहीत. मला ते पाहवेना. माई म्हणाल्या, "राहू दे बाई, थे आतल्या आत पोहून राह्यले."

मग अखाजी आली. सकाळी टेकाडाकडून गलका ऐकू आला. आम्ही परसातून वर गेलो. दोन बैलगाड्या जोडून त्यांवर एक नाव आणलेली होती, नवी, सागवानाची, जवसाच्या तेलाचा वास येणारी. महादेवने आणि त्याच्या भावांनी हिवाळाभर पुलगावच्या वाटेवर भावकीच्या अंगणात लपवून बांधली होती. सगळी वस्ती गाडीला खांदा देत होती. म्हातारी शेळी घेऊन आली होती. त्यांनी नाव उतरवली, ओंडक्यांवर चढवली, तोंड नदीकडे केलं. कुणालाही काही सांगावं लागलं नाही. वल्ही आत बांधलेली होती, मडकं होतं, फुटाण्यांचा डबाही होता.

कुणीतरी दोर खुंटाला बांधायला पुढे आला. महादेवने त्याचा हात धरला. "थांब बे. आधी विळा."

त्याने कमरेचा नवा विळा काढून खुंटाला टांगला, आणि मग दोर बांधला.

मालक पुढे झाले. त्यांनी अंगठ्याने विळ्याची धार पाहिली. मग दोराचं एक टोक धरून ते टेकाडाच्या उतारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे पाहत होतं.

"महादेवा," ते म्हणाले, "दोर आखूड आहे."

"माहीत आहे, मालक," महादेव म्हणाला. "बाकीचा तुम्ही वळसान म्हून ठेवला."

त्या संध्याकाळी ओसरीच्या कोपऱ्यातली अंबाडी पुन्हा त्यांच्या मांडीवर आली.